फंक्शनच्या पोटात फंक्शन : क्लोजरच्या प्रश्नाचा आढावा

दिग्रससारख्या तालुक्याच्या गावात प्रोग्रॅमिंगशी पहिली गाठ पडते ती अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये किंवा बीसीए, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला, आणि भाषा असते सी किंवा सी प्लस प्लस. पुढे यातलेच काही जण यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा पुसदच्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. तिथे जावास्क्रिप्ट आणि पायथॉन समोर येतात आणि तोवर सुरळीत चाललेलं गाडं एका जागी अडतं. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिलेलं असतं, बाहेरचं फंक्शन आतल्याला रिटर्न करून मोकळं होतं आणि तरीही आतल्याला बाहेरच्याचे व्हेरिएबल दिसत राहतात. हे क्लोजर. पुण्यातल्या कंपनीच्या मुलाखतीत त्याची व्याख्या हमखास विचारतात आणि ती पाठ केलेली असते. पण समोर पाच ओळींचा कोड ठेवून ‘हा काय छापेल?’ असं विचारलं की पाठांतर उपयोगी पडत नाही.

क्लोजर मुळातच अवघड आहे, असं म्हणून हा विषय सोडून दिला जातो. ते खरं नाही. अवघड आहे तो आपल्याकडचा शिकण्याचा क्रम. क्लोजरच्या मागे प्रश्न एकच आहे : फंक्शनचं काम संपल्यावर त्याच्या व्हेरिएबलांचं काय होतं? प्रत्येक भाषेने याचं काही ना काही उत्तर दिलं आहे. आपण पहिल्यांदा शिकतो ती भाषा मात्र हा प्रश्न पडूच देत नाही.

सीने बंद केलेलं दार

विदर्भात सी शिकलेल्या माणसाच्या कपाटात नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ असतंच असतं. त्या पुस्तकाने पिढ्या घडवल्या. त्यात आणि सीच्या कुठल्याही पुस्तकात फंक्शनच्या प्रकरणात एक नियम येतो : एका फंक्शनमधून दुसरं फंक्शन बोलावता येतं, पण एकाच्या आत दुसरं लिहिता येत नाही. विद्यार्थी तो परीक्षेपुरता लक्षात ठेवतो. नियम का आहे, हे सहसा कोणी विचारत नाही.

कारण साधं आहे. सीमध्ये फंक्शन सुरू झालं की स्टॅकवर त्याच्यासाठी एक फ्रेम तयार होते. लोकल व्हेरिएबल त्या फ्रेममध्ये राहतात आणि फंक्शन संपलं की ती जागा मोकळी होते. म्हणून तर प्रॅक्टिकलला सर बजावतात, ‘लोकल व्हेरिएबलचा पत्ता रिटर्न करू नका.’ आत फंक्शन लिहायचीच सोय नसेल, तर बाहेरच्याचे व्हेरिएबल आतल्याने वापरण्याचा प्रसंगही येत नाही. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सी घडवली ती ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी. भाषा लहान ठेवायची, कंपायलर सोपा ठेवायचा, हा हिशेब त्यामागे होता आणि त्या कामासाठी तो बरोबरच होता.

सी प्लस प्लसमध्ये २०११ च्या मानकापासून लॅम्डा (जागच्या जागी लिहायची निनावी फंक्शनं) आले आणि आतल्या फंक्शनची सोय झाली. पण आपल्याकडच्या कित्येक लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालला तो टर्बो सी प्लस प्लसचा निळा स्क्रीन. तो कंपायलर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा. त्यावर शिकलेल्याला लॅम्डा दिसणार कसा? बारावीच्या इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी विषयात जावास्क्रिप्ट आहे. तिथे बटणावर क्लिक केल्यावर काय घडावं, हे फंक्शन देऊन सांगायचं असतं. क्लोजर त्या क्लिकमध्ये हजर असतं, फक्त त्याची ओळख कोणी करून देत नाही.

बाजार समितीतली दोन उदाहरणं

कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या या मुलखात शेतकऱ्याच्या हातात पडणारी हिशेबपट्टी सगळ्यांच्या ओळखीची. समजा, भाव एकदा सांगितला की पुढे फक्त क्विंटल विचारून रक्कम देणारं फंक्शन हवं आहे.

फंक्शन पट्टी(भाव):
    फंक्शन रक्कम(क्विंटल):
        रिटर्न क्विंटल * भाव
    रिटर्न रक्कम

सोयाबीन = पट्टी(४५००)
तूर = पट्टी(७०००)
सोयाबीन(१०)
तूर(१०)

शेवटच्या दोन ओळींची उत्तरं ४५,००० आणि ७०,०००. आता सीच्या नजरेने हे वाचा. ‘पट्टी’ दोनदा बोलावली, दोन्ही वेळा ती संपली. तिची फ्रेम गेली म्हणजे ‘भाव’सुद्धा गेला. मग ‘सोयाबीन(१०)’ने गुणाकार केला कशाने? उत्तर असं की ‘पट्टी’ने नुसतं ‘रक्कम’चा कोड परत दिला नाही. ‘रक्कम’ला लागणारा ‘भाव’ही त्याच्याबरोबर शिदोरीसारखा बांधून दिला. कोड आणि तो जिथे लिहिला गेला तिथली व्हेरिएबल, या दोघांची जोडी म्हणजे क्लोजर. ‘पट्टी’ दोनदा बोलावली म्हणून जोड्याही दोन झाल्या. कोड तोच, भाव वेगळे.

इथे तीन गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत आणि त्या सुट्या केल्या की धुकं विरतं. फंक्शनच्या आत फंक्शन लिहिता येणं, ही पहिली. फंक्शन हे अंकासारखंच एक मूल्य मानून ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येणं, दुसऱ्या फंक्शनला देता येणं आणि रिटर्न करता येणं, ही दुसरी. आतल्या फंक्शनला लागणारे बाहेरचे व्हेरिएबल त्याच्यासोबत जिवंत राहणं, ही तिसरी. पहिली असून दुसरी पूर्ण नसलेल्या भाषा आहेत, पास्कल ही त्यांतली ठळक. दुसरी अर्धीमुर्धी असून पहिली नसलेली भाषा म्हणजे सी : तिथे फंक्शनचा पॉइंटर देता येतो, पण त्याच्यासोबत व्हेरिएबल जात नाहीत.

दुसरं उदाहरण पावतीपुस्तकाचं.

फंक्शन पावतीपुस्तक():
    क्रमांक = ०
    फंक्शन पुढची():
        क्रमांक = क्रमांक + १
        रिटर्न क्रमांक
    रिटर्न पुढची

‘कापूस = पावतीपुस्तक()’ असं लिहून ‘कापूस()’ दोनदा बोलावलं तर १ आणि २ मिळतात. दुसरं पुस्तक उघडलं तर त्याची मोजणी पुन्हा १ पासून. यातून कळतं की क्लोजर बाहेरच्या व्हेरिएबलची किंमत टिपून घेत नाही, ते व्हेरिएबलच धरून ठेवतं. किंमत बदलली तर पुढच्या वेळी बदललेलीच दिसते. शिवाय ‘क्रमांक’ला बाहेरून हात लावायची सोय नाही. बारावीला सी प्लस प्लसच्या क्लासमधला प्रायव्हेट डेटा शिकलेल्या मुलाला हे ओळखीचं वाटायला हवं. क्लास वेगळा, क्लोजर वेगळं. पण डेटा आणि त्यावर काम करणारा कोड एकत्र ठेवायची युक्ती एकच.

पन्नास वर्षांचा वाद

हा प्रश्न जावास्क्रिप्टने आणलेला नाही. १९६० च्या अल्गॉल भाषेत प्रोसिजरच्या, म्हणजे फंक्शनच्याच, आत प्रोसिजर लिहिता येत होती. आतल्याला बाहेरचे व्हेरिएबल दिसत, आणि ते कोड कुठे लिहिला आहे त्यावरून ठरे. त्याच वर्षी जॉन मॅकार्थी यांचा लिस्प भाषेवरचा निबंध प्रसिद्ध झाला. लिस्पमध्ये फंक्शन हे मूल्य होतं, पण व्हेरिएबल शोधायची पद्धत उलटी होती : फंक्शन कुठे लिहिलं हे न बघता ते कुठून बोलावलं हे बघायचं. वरच्या उदाहरणात ‘सोयाबीन(१०)’ ज्या ठिकाणाहून बोलावलं तिथे योगायोगाने ५२०० किमतीचा दुसरा ‘भाव’ असता, तर जुन्या लिस्पने तोच उचलला असता आणि पट्टी चुकली असती. तेव्हा लिस्प वापरणाऱ्या जेम्स स्लॅगल यांच्या प्रोग्रॅममध्ये असाच घोळ झाला. मॅकार्थींनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांना तो किरकोळ बग वाटला होता. त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल यांनी त्यावर फनार्ग नावाची तोड काढली. पण दुखणं किरकोळ नव्हतं. फनार्गचा प्रश्न म्हणून ते पुढे पंधरा वर्षं गाजलं.

पीटर लँडिन या ब्रिटिश संशोधकाने १९६४ मध्ये गणिती पदावल्यांचं मूल्य यंत्राने कसं काढावं, यावर निबंध लिहिला. कोड आणि त्याच्या परिसरातली व्हेरिएबल यांच्या जोडीला ‘क्लोजर’ हे नाव त्यात पहिल्यांदा मिळालं. १९७५ मध्ये एमआयटीत जेराल्ड ससमन आणि गाय स्टील यांनी लिस्पच्याच कुळातली स्कीम ही भाषा बांधली आणि अल्गॉलची शोधपद्धत लिस्पच्या मोकळेपणाशी जोडली. तिथलेच संशोधक कार्ल ह्युइट यांची, एकमेकांना निरोप देणाऱ्या घटकांची, अ‍ॅक्टर ही कल्पना समजून घ्यावी म्हणून त्यांनी हा खटाटोप केला होता. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की अ‍ॅक्टर आणि क्लोजर चालवणारा त्यांचा कोड एकसारखाच आहे. आजच्या जवळपास सगळ्या भाषांची शोधपद्धत हीच आहे. जुनी पद्धत मात्र चिवट निघाली : ईमॅक्स या एडिटरच्या लिस्पला नवी पद्धत मिळायला २०१२ साल उजाडलं.

या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. निकलाउस विर्थ यांच्या पास्कलचा पी-कंपायलर १९७० च्या दशकात झुरिकच्या ईटीएच या विद्यापीठातून जगभर गेला. त्याची अंमलबजावणी समजावणाऱ्या टिपणांच्या लेखकांत केशव नोरी हे भारतीय नाव आहे. नोरी पुढे पुण्याच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजे १९८१ मध्ये सुरू झालेल्या टीआरडीडीसीत, काम करत होते. पी-कंपायलरने आतल्या प्रोसिजरचा प्रश्न कसा सोडवला, हे बघण्यासारखं आहे. प्रत्येक फ्रेममध्ये तो दोन दुवे ठेवतो. एक सांगतो, ‘मला कोणी बोलावलं’; काम संपल्यावर कुठे परतायचं ते यावरून कळतं. दुसरा सांगतो, ‘मी कोणाच्या आत लिहिलेला आहे.’ व्हेरिएबल आणायचं तर दुसऱ्या दुव्यावरून किती पायऱ्या वर चढायचं, हा आकडा कंपायलर सूचनेतच लिहून देतो. पहिल्या दुव्यावरून शोधलं तर जुनी लिस्प, दुसऱ्यावरून शोधलं तर अल्गॉल, पास्कल आणि स्कीम. वाद सगळा या दोन दुव्यांतला.

पास्कलने मात्र एक कुंपण ठेवलं : आतली प्रोसिजर दुसऱ्या प्रोसिजरला देता येईल, पण रिटर्न करून बाहेर पाठवता येणार नाही. त्यामुळे आतली चालू असेपर्यंत बाहेरची स्टॅकवर असणारच, आणि स्टॅक पुरतो. कुंपण काढलं की व्हेरिएबल स्टॅकबाहेरच्या मेमरीत, म्हणजे हीपवर, ठेवावे लागतात आणि कोणालाच नको झालेली जागा झाडून काढायला गार्बेज कलेक्टर लागतो. क्लोजर फुकट मिळत नाही ते यासाठी.

ज्याची त्याची तोड

आजच्या भाषांच्या तोडी शेजारी शेजारी मांडल्या की त्यांच्या नियमांतला विचित्रपणा कमी होतो.

जावास्क्रिप्टने पूर्ण क्लोजर दिलं. ब्रेंडन आइक यांना १९९५ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने घेतलं तेच ब्राउझरमध्ये स्कीम आणायची म्हणून. दहा दिवसांत उभ्या केलेल्या भाषेचा वेश जावाचा निघाला, पण क्लोजर स्कीमचंच राहिलं.

पायथॉनला हे उशिरा सुचलं. २.० आवृत्तीपर्यंत आतलं फंक्शन लिहिता येई, पण त्याला बाहेरच्याचे व्हेरिएबल दिसत नसत. २००१ च्या २.१ मध्ये ही सोय मागितल्यास मिळू लागली आणि २.२ पासून ती कायमची झाली. तरीही बाहेरच्या व्हेरिएबलला नवी किंमत देता येत नव्हती, कारण पायथॉनमध्ये किंमत दिली की व्हेरिएबल लोकल ठरतं. वरचं पावतीपुस्तक पायथॉनमध्ये जसंच्या तसं लिहिलं तर अनबाउंड लोकल एरर येते, ती यामुळे. २००८ च्या ३.० मध्ये ‘नॉनलोकल’ हा शब्द आला आणि तो प्रश्न मिटला.

जावाने सावध पवित्रा घेतला. २०१४ च्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले, पण आत वापरलेलं लोकल व्हेरिएबल पुढे बदलायचं नाही, ही अट घातली. जावा व्हेरिएबल धरत नाही, किमतीची नक्कल घेते. सी प्लस प्लसने निवड प्रोग्रॅमरवर सोडली : चौकटी कंसात लिहून सांगायचं की नक्कल हवी की मूळ व्हेरिएबलचा संदर्भ. संदर्भ घेतला आणि बाहेरचं फंक्शन संपलं, तर पुन्हा तोच मेलेला पत्ता. आतून बघितलं तर हा लॅम्डा म्हणजे कंपायलरने बनवलेला निनावी क्लासच. पीएचपीने २००९ च्या ५.३ मध्ये क्लोजर आणताना कुठली व्हेरिएबल सोबत न्यायची त्यांची यादीच लिहायला लावली. रस्टचा कंपायलर व्हेरिएबलाचं आयुष्य तपासतो आणि ते अपुरं असेल तर प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. जीसीसी या कंपायलरने सीमध्येही आतल्या फंक्शनची सोय जास्तीची म्हणून दिली आहे. तिची अट पास्कलसारखीच : बाहेरचं संपल्यावर आतल्याचा पत्ता वापराल तर परिणामांना तुम्ही जबाबदार.

लूपमधला फास

मुलाखतीत विचारतात तो कोड बहुधा असा असतो. लूपमध्ये ‘क’ ० ते २ फिरवायचा आणि दर फेरीत ‘क’ छापणारं फंक्शन टायमरला द्यायचं. वाटतं ०, १, २ येतील. जुन्या पद्धतीच्या ‘व्हार’ने लिहिलेल्या जावास्क्रिप्टमध्ये येतात ३, ३, ३. कारण क्लोजर व्हेरिएबल धरतं आणि इथे व्हेरिएबल एकच आहे. टायमर वाजेपर्यंत लूप संपलेला असतो आणि ‘क’ ३ वर पोचलेला असतो. २०१५ च्या मानकात आलेलं ‘लेट’ वापरलं की दर फेरीला नवं व्हेरिएबल मिळतं आणि उत्तर अपेक्षेसारखं येतं.

यात फसणारा विद्यार्थी एकटा नाही. सी शार्पने २०१२ मध्ये आपल्या ‘फॉरईच’ लूपचा नियम यासाठी बदलला. गो भाषेने फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या १.२२ आवृत्तीत तेच केलं. चालू असलेल्या भाषेचा नियम बदलणं ही सोपी गोष्ट नव्हे, जुने प्रोग्रॅम बिघडायची भीती असते. तरीही भाषा चालवणाऱ्यांनी तो धोका पत्करला, म्हणजे अनुभवी माणसंही इथे किती ठेचकाळली असतील याचा अंदाज येतो. पायथॉनमध्ये हा फास अजून आहे, आणि किंमत डिफॉल्ट पॅरामीटरमध्ये बांधून टाकणं हा त्यावरचा जुना उपाय.

उपयोग आणि किंमत

क्लोजरशिवाय आजचं वेबपान हलत नाही. बटणाचं क्लिक, सर्व्हरकडून येणारं उत्तर, टायमर, या सगळ्यांत ‘हे नंतर कर’ म्हणून फंक्शन देऊन ठेवायचं असतं, आणि नंतर करताना आत्ताची माहिती सोबत लागते. पायथॉनचे डेकोरेटर बहुतेक वेळा क्लोजरनेच लिहितात. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत २०१९ पासून आलेले हुक तर त्यावरच उभे आहेत. रिअ‍ॅक्टमधला नेहमीचा बग, पहिल्या फेरीत बनलेलं फंक्शन जुनीच किंमत दाखवत राहणं, हाही लूपमधल्या फासाचाच भाऊ. फक्त इथे व्हेरिएबल दर फेरीला नवं असतं आणि क्लोजर जुन्याला धरून बसतं.

किंमत मेमरीत मोजावी लागते. क्लोजर जिवंत आहे तोवर त्याने धरलेलं काहीही झाडलं जात नाही. पानावरून काढलेल्या बटणाचं फंक्शन कुठल्या यादीत राहून गेलं आणि त्याने हजारो ओळींचा तक्ता धरला असेल, तर तो तक्ताही राहतो. इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये पानावरचे घटक आणि क्लोजर एकमेकांना धरून बसले की ती मेमरी सुटतच नसे. म्हणून नियम एवढाच : क्लोजरला लागेल तेवढंच द्या आणि काम झालं की ते सोडा.

मग शिकवावं कसं

सी काढून टाका, असं या आढाव्यातून निघत नाही. फ्रेम कधी येते, कधी जाते, हे सीइतकं उघडं दुसरीकडे दिसत नाही, आणि क्लोजरचं मर्म तिथेच आहे. चुकतं ते असं की हे ज्ञान सीच्या जर्नलमध्ये राहतं आणि जावास्क्रिप्टच्या तासाला नवी व्याख्या पाठ करायला दिली जाते. ‘लोकल व्हेरिएबलचा पत्ता रिटर्न करू नका’ हे वाक्य क्लोजरच्या धड्याचं पहिलं वाक्य व्हायला हवं. मग आतलं फंक्शन, मग फंक्शन हे मूल्य, मग दोन्ही एकत्र, या क्रमाने गेलं की व्याख्या सांगावी लागत नाही, ती मुलंच सांगतात.

भाषेचाही अडसर मानायचं कारण नाही. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबल आणि फंक्शनची नावं देवनागरीत देता येतात, जावास्क्रिप्टमध्येही. ‘भाव’, ‘रक्कम’, ‘पट्टी’ ही नावं मशीन निमूट स्वीकारतं, फक्त भाषेचे स्वतःचे शब्द रोमन राहतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात सी, सी प्लस प्लस आणि जावाचे पाठ मराठी आवाजात मोफत आहेत. पायथॉनमध्ये बनलेल्या फंक्शनचा ‘क्लोजर’ हा गुणधर्म छापला की त्याने धरलेल्या व्हेरिएबलच्या कप्प्यांची यादी समोर येते आणि कप्पा उघडून आतली किंमतही बघता येते. ‘सोयाबीन’चा कप्पा उघडून ४५०० बघितलेला मुलगा ती व्याख्या विसरत नाही.

दिग्रस, दारव्हा, पुसद, यवतमाळ इथल्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती : पुढच्या प्रॅक्टिकलला प्रोग्रॅमचं आउटपुट तपासून सही करण्याआधी त्यातल्या एका व्हेरिएबलवर बोट ठेवा आणि विचारा, ‘हे राहतं कुठे, आणि किती वेळ?’ एवढ्याचं उत्तर देता आलं तर क्लोजर आलंच.